दीडशे तास, चाळीस मिनिटं

१ जानेवारी १९२९, सकाळी ७:२६. उरलेत १५० तास.

लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमधल्या मेट्रोपोलिटन विमानतळावरून अमेरिकी लष्कराचं तीन इंजिनांचं फोकर सी-२ए विमान उठलं. दोन्ही कुशींवर भलंमोठं प्रश्नचिन्ह रंगवलेलं होतं आणि विमानाचं नावही तेच, ‘क्वेश्चन मार्क’. हे किती वेळ हवेत राहील, असं बघणाऱ्यानं स्वतःशीच विचारावं, ही त्यामागची कल्पना. सैन्यालाही जाहिरात कळते.

विमानात पाच माणसं. मेजर कार्ल स्पाट्झ प्रमुख. कॅप्टन आयरा ईकर, लेफ्टनंट हॅरी हॅल्व्हरसन आणि लेफ्टनंट एलवुड केसाडा वैमानिक. पाचवा सार्जंट रॉय हू, मेकॅनिक. टाक्यांत मुद्दामच जेमतेम १०० गॅलन पेट्रोल घेतलं होतं. हलकं उठायचं आणि बाकीचं पेट्रोल वर गेल्यावर दुसऱ्या विमानाकडून नळीनं घ्यायचं, असा बेत. हे काही अगदी नवं नव्हतं. १९२३ मध्ये सॅन दिएगोवर स्मिथ आणि रिश्टर या दोघा लेफ्टनंटांनी एका विमानातून दुसऱ्यात पेट्रोल घेऊन दाखवलं होतं आणि ३७ तास हवेत काढले होते. पण अमेरिकेत तो प्रयोग तिथंच पडून राहिला. आता तो सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर करायचा होता.

बेत सुरेख होता. पेट्रोल वर मिळेल, तेल वर मिळेल, जेवण वर मिळेल, टपाल वर मिळेल. मग विमानानं खाली यायचंच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर तिन्ही इंजिनांच्या डोक्यावर बसलेलं होतं. प्रत्येक इंजिन राइट कंपनीचं जे-५ व्हर्लविंड. नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, हवेनं थंड होणारे, ताकद सुमारे २२० अश्वशक्ती. दीड वर्षापूर्वी लिंडबर्गला न्यूयॉर्कहून पॅरिसला नेलं ते याच जातीच्या इंजिनानं. त्या काळी यापेक्षा भरवशाचं विमानाचं इंजिन मिळणं कठीण होतं. पण लिंडबर्गचं काम साडेतेहेतीस तासांत आटोपलं होतं, हे विसरायचं नाही.

त्याच दिवशी, दुपार. उरलेत सुमारे १४४ तास.

पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर जॉर्जिया टेक आणि कॅलिफोर्निया यांचा सामना चालू होता आणि वर आकाशात प्रश्नचिन्ह घिरट्या घालत होतं. त्याच सामन्यात कॅलिफोर्नियाचा रॉय रीगल्स चेंडू घेऊन साठ-एक यार्ड उलट्या दिशेनं, आपल्याच गोलाकडे धावला. अमेरिकन माणूस आजही ती धाव विसरलेला नाही. वरचं विमान मात्र आता फार थोड्यांना आठवतं.

आता इंजिनाच्या डोक्यावर काय चाललं होतं ते बघू. कारण पुढचे सहा दिवस खरी गोष्ट तिथंच घडणार आहे.

प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह. एकातून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून जळका वायू बाहेर जातो. व्हॉल्व्ह उघडतो तो असा: खाली कॅम फिरतो, तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब दांडीला वर ढकलतो, ती दांडी रॉकरचं एक टोक उचलते, आणि रॉकर बागेतल्या सी-सॉसारखा कलून दुसऱ्या टोकानं व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देतो. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा सीटवर आपटून बंद करते. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. गॅरेजमध्ये ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात ते ही फट बरोबर करणं. फिलर गेजची पातळ पट्टी फटीत सरकवायची, स्क्रू फिरवायचा, पट्टी किंचित ओढ घेऊ लागली की चेकनट आवळायचा.

ही फट हवीच कशाला? तापल्यावर धातू वाढतो म्हणून. फट कमी पडली की व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता बाहेर टाकायला मोठा रस्ता एकच, तो म्हणजे सीटला टेकणं. टेकला नाही की तापत जातो, कडेनं पेटता वायू निसटतो, कड जळते, आणि शेवटी व्हॉल्व्हचं तोंड तुटून सिलिंडरमध्ये पडतं. वर आलेला पिस्टन त्याच्यावर आदळला की इंजिनाचं मातेरं होतं. फट जास्त झाली तर मरण वेगळ्या वाटेनं येतं. कॅमचा आकार असा घासलेला असतो की त्यानं आधी अलगद टेकावं, मग जोर लावावा. फट वाढली की तो अलगद भाग वाया जातो आणि प्रत्येक वेळी हातोडीचा घाव बसतो. पुशरॉडची टोकं झिजतात, रॉकरची बुशं झिजतात, झीज फट आणखी वाढवते, आणि वाढलेली फट घाव आणखी जड करते.

आवाज करणारा टॅपेट निदान सांगून तरी जातो, फट कमी पडलेला गप्प टॅपेट जास्त घातक, असं जुने मेकॅनिक म्हणतात ते याच कारणानं. जुन्या बुलेटचे टॅपेट ज्यानं घरी लावले आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथं इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इंजिन तापल्यावर काय होणार याचा हिशेब त्या दोन बोटांत असतो.

तीन इंजिनांचे मिळून २७ सिलिंडर, ५४ व्हॉल्व्ह, ५४ रॉकर, ५४ पुशरॉड. आणि फट ५४ ठिकाणी.

२ जानेवारी, पहाटे ४. उरलेत १३० तास.

दोन-तीन हजार फुटांवर, अंधारात, दोन विमानं एकावर एक. वरचं डग्लस सी-१ हे दुपंखी, त्याच्या पोटातून लोंबणारी जाड नळी. खालच्या फोकरच्या पाठीला एक झरोका, त्यात गॉगल आणि रेनकोट घालून उभा असलेला स्पाट्झ. नळी हातात धरायची, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून तांब्याची तार जोडायची, नळी तोटीत खुपसायची आणि पेट्रोल वाहतं तोवर धरून ठेवायची. वारा ताशी ऐंशी मैलांचा. पाच माणसांत वयानं आणि हुद्द्यानं मोठा असलेला मेजर हे काम स्वतः करत होता, हे मला त्या उड्डाणातल्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं.

रेडिओ नव्हता. निरोप द्यायचा तर लढाऊ विमानांच्या काळ्या रंगवलेल्या अंगावर खडूनं मजकूर लिहून ती शेजारून उडवत नेत. काही चिठ्ठ्या दोरीनं येत-जात. नववर्षाचं टर्कीचं जेवणही दोरीनंच आलं.

आता थोडं गणित. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेतंय असं धरा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. पहाटे चारपर्यंत प्रत्येक रॉकर नऊ लाखांहून अधिक वेळा कलून सरळ झालेला होता. लिंडबर्ग पॅरिसला उतरला तेव्हा त्याच्या इंजिनातला रॉकर याच हिशेबानं पंधरा लाखांवर पोचला होता.

या रॉकरना त्या काळी इंजिनाचं तेल आपोआप मिळत नसे. ग्रीसगननं ग्रीस भरावं लागे आणि ते काम जमिनीवरचं. ‘क्वेश्चन मार्क’च्या तयारीत ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटलेली नव्हती. केबिनमधून रॉकरपर्यंत तांब्याच्या बारीक नळ्या नेल्या होत्या, म्हणजे उडता उडता ग्रीस देता येईल. शिवाय कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना दारं कापून बाजूच्या इंजिनांपर्यंत अरुंद फळ्या टाकल्या होत्या. रॉय हूनं गरज पडली तर वाऱ्यात त्या फळीवरून चालत जायचं आणि चालू पंख्यामागे बसून काय दुरुस्त होईल ते करायचं.

ग्रीसची सोय होती, पण फट नीट करण्याची नव्हती. ती होणं शक्यही नव्हतं. फट मोजायची तर व्हॉल्व्ह बंद पाहिजे आणि इंजिन थांबलेलं पाहिजे.

३ जानेवारी, सायंकाळी साडेसातच्या पुढे. उरलेत ९० तास.

साठ तास सात मिनिटं. आधीच्या वर्षी दोन बेल्जियन वैमानिकांनी हवेत इंधन घेऊन केलेला विक्रम मागे पडला. पाच तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, इंधन न घेता उडण्याचा जर्मनांचा विक्रमही गेला, ६५ तास २५ मिनिटांचा. खाली वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आकडे बदलत होते.

रॉकरच्या खोबणीत काय चाललं असेल? पुशरॉडचं टोक गोल घासलेलं असतं आणि ते रॉकरच्या वाटीत बसतं. मधे ग्रीसचा पातळ थर. सिलिंडरच्या डोक्याशेजारी उष्णता इतकी की ग्रीस पातळ होऊन निथळतं, आणि उरतं ते भाजून घट्ट बसतं. नळीतून नवं ग्रीस येतं, पण आधी घट्ट झालेल्या गाठीतून त्यानं पुढे सरकायचं कसं? नऊ सिलिंडर गोल मांडलेले असल्यामुळे काहींचे रॉकर वर, काहींचे आडवे, काहींचे पार खाली तोंड करून. सगळ्यांना सारखं ग्रीस मिळण्याची आशा बाळगणं म्हणजे भाबडेपणा.

जमिनीवर असतं तर कुणीतरी ऐकलं असतं. झिजलेला टॅपेट टकटक वाजतो. सकाळी इंजिन चालू करताना कान दिला की मेकॅनिकला कळतं आणि तो पाना उचलतो. पण तीन इंजिनांच्या गर्जनेत, कापडानं मढवलेल्या त्या डब्यात, माणसं एकमेकांशीही धड बोलू शकत नव्हती. चोपन्नातल्या एका रॉकरची टकटक कुणाच्या कानावर पडणार?

मधले दिवस.

खराब हवेत एकदा नळी तोटीतून निसटली आणि पेट्रोलची धार सरळ स्पाट्झच्या अंगावर आली. डोळ्यांत, तोंडात, कपड्यांत पेट्रोल. भाजलं असेल तर मला पॅराशूटनं उडी मारावी लागेल, पण तुम्ही उड्डाण चालू ठेवा, असं त्यानं ईकरला सांगितलं. बाकीच्यांनी त्याचे कपडे उतरवले, अंगाला तेल चोळलं, आणि थोड्या वेळानं मेजरसाहेब पुन्हा झरोक्याशी उभे राहिले. अंगावर कपडे फारसे नव्हते म्हणतात. पुढे अमेरिकी हवाई दलाचा पहिला प्रमुख झालेला माणूस तो हाच.

त्या सहा दिवसांच्या वर्णनांत असे प्रसंग भरपूर आहेत आणि ते सांगायला मजाही येते. बातमीदारांनी माणसं पाहिली, नळी पाहिली, पेट्रोलचे गॅलन मोजले. इंजिनांबद्दल लिहायचं तर काय लिहिणार? ती चालू होती. चालू असलेल्या यंत्राची बातमी होत नाही.

६ जानेवारी, सकाळी ६ नंतर. उरलेत ३२ तास.

११८ तास ४१ मिनिटं. १९२३ मध्ये ‘डिक्सम्यूड’ या फ्रेंच हवाई जहाजानं केलेला विक्रमही गेला. गेल्या ऑक्टोबरात अटलांटिक ओलांडून आलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’चे १११ तास तर आदल्या रात्रीच मागे पडले होते. म्हणजे आता विमानच नव्हे, हायड्रोजनवर तरंगणारी अजस्र जहाजंही हरली. यापुढे स्पर्धेला कुणी उरलं नाही.

आपल्या हिशेबानं प्रत्येक रॉकर ५३ लाखांच्या वर गेला होता.

इथं एक गुंता आहे. झीज एकाच दिशेनं काम करत नाही. पुशरॉडचं टोक आणि रॉकरचं बुश झिजलं की फट वाढते. पण व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून सीटमध्ये रुतत जातो आणि त्यानं फट कमी होते. एकाच इंजिनात एका सिलिंडरला हे, दुसऱ्याला ते, आणि कुठं दोन्ही मिळून बरोबरी. म्हणून टॅपेटची तपासणी ठरावीक तासांनी आणि प्रत्येक व्हॉल्व्हची स्वतंत्र करावी लागते. जे-५ मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू नये याची चांगली काळजी घेतली होती. व्हॉल्व्हचा दांडा पोकळ करून आत वितळणारं द्रव्य भरायचं, म्हणजे ते हिंदकळत तोंडाची उष्णता दांड्याकडे वाहून नेतं, ही सॅम्युएल हेरनची युक्ती. त्यामुळे जळून मरण्याचा धोका बराच टळला. उरलं ते झिजून मरणं.

७ जानेवारी, सकाळ. उरलेत ६ तास.

पेट्रोल येत होतं. तेल येत होतं. माणसं दमली होती, आवाजानं कान बधिर झाले होते, पण कुणीही उतरायला तयार नव्हतं. ठरलेली वेळ अशी नव्हतीच. यंत्र किंवा माणूस थांबेल तेव्हा थांबायचं, एवढंच.

७ जानेवारी, दुपार. शेवटचा तास.

विमान सुमारे ५,००० फुटांवर असताना डाव्या पंखाखालचं इंजिन बंद पडलं.

रॉय हू दार उघडून फळीवर गेला. सहा दिवस ज्या प्रसंगासाठी ती फळी टाकून ठेवली होती तो आला होता. पण तिथं जाऊन तो करणार काय? पुशरॉड गेला होता. नवा पुशरॉड घालायचा तर रॉकर उतरवायला हवा, आणि मग फट लावायची. वाऱ्यात लोंबकळत, हातात पाना धरून, एका हातानं आधार घेत. कसबाला मर्यादा नव्हती असं म्हणू या, पण हात दोनच होते.

उरलेल्या दोन इंजिनांवर जास्त जोर दिला गेला. सहा दिवस सांभाळून चालवलेल्या, तशाच झिजलेल्या इंजिनांवर हा भार. तीही कुंथू लागली. विमान खाली येत गेलं, चार हजार, तीन हजार, अडीच हजार फुटांच्या आसपास आल्यावर कसंबसं सरळ उडू लागलं. निम्मी उंची गेली होती. हूला आत बोलावलं.

दुपारी २:०७. शून्य.

मेट्रोपोलिटन विमानतळावर चाकं टेकली. १५० तास, ४० मिनिटं, १४ सेकंद. हवेत ३७ वेळा पेट्रोल घेतलं होतं, सुमारे ५,६६० गॅलन, आणि २४५ गॅलन तेल. कुणाला इजा नाही.

कापड, लाकूड, टाक्या, नळ्या, झरोका आणि माणसं, सगळं धड होतं. दोष सापडले ते पुशरॉड आणि रॉकर यांच्या जगात. आपल्या हिशेबानं प्रत्येक रॉकर ६७ लाखांवर वेळा कलला होता. तिन्ही इंजिनांचे धरले तर ३६ कोटींच्या पुढे.

नंतर.

पाचही जणांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. रात्री-अपरात्री वरून नळी सोडणाऱ्या दोन विमानांच्या वैमानिकांना तेव्हा कौतुकाची पत्रं मिळाली. पदकांसाठी १९७६ उजाडावं लागलं, तोवर त्यांतले काही हयातही नव्हते.

स्पाट्झ १९४५ च्या उन्हाळ्यात पॅसिफिकमधल्या बी-२९ विमानांचा सेनापती झाला. त्या विमानांची राइट कंपनीचीच अठरा सिलिंडरची इंजिनं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गिळण्याबद्दल बदनाम होती. मागच्या रांगेतल्या सिलिंडरांना हवा पोचत नसे, व्हॉल्व्ह जळत आणि तुटून आत पडत. १९४४ मध्ये ती विमानं आपल्या खरगपूरच्या तळांवर होती, तेव्हा बंगालच्या उन्हाळ्यानं तिथल्या मेकॅनिकांना जेरीस आणलं होतं.

विक्रम मात्र फार दिवस टिकला नाही. त्याच वर्षाच्या जुलैत ‘सेंट लुइस रॉबिन’ ४२० तास उडालं. १९३० मध्ये हंटर भावांनी ५५३ तास केले. दोघं भाऊ वर उडत होते आणि दोघं त्यांना पेट्रोल पोचवत होते. मग १९३५ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनच्या अल आणि फ्रेड की या भावांनी ‘ओल मिस’ नावाचं एका इंजिनाचं कर्टिस रॉबिन उठवलं ते ४ जूनला आणि उतरवलं १ जुलैला, ६५३ तास ३४ मिनिटांनी. त्या विमानालाही नाकाकडे जाणारी फळी होती. रॉय हूला ती शेवटच्या तासात लागली. फ्रेड की मात्र इंजिनाची निगा राखायला तिच्यावरून रोजच बाहेर जायचा, समोर पंखा फिरत असताना.